पिअर म्हणजे काय

वाकसरीच्या ग्रामपंचायतीत इंग्रजी कागद आला की तो शाळेतून वाचून आणायचा, अशी रीतच पडली होती. शाळेतून म्हणजे फरहीन मॅडमकडून. फरहीन शेख कर्जतहून रोज स्कूटीवर येऊन आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवायची. अकरा वर्षं झाली होती. एवढ्या काळात तिनं गावाला विम्याचे कागद, खतांच्या पिशव्यांवरचा मजकूर, कुणाच्या भावाचं दुबईचं करारपत्र असं काय काय वाचून दाखवलं होतं. त्यामुळे जानेवारीतल्या एका दुपारी सरपंच राधाकृष्ण स्वतः शाळेत आले, तेव्हा तिला काही विशेष वाटलं नाही. मधली सुट्टी होती. मुलं पटांगणात होती. सरपंचांनी घडी केलेला कागद टेबलावर उलगडला.

"जिल्ह्यावरनं आलाय. मंजुरी दिसतीय कशाची तरी. बगा बरं."

कागद एकच पान होता. फरहीननं विषयाची ओळ वाचली. वाकसरी गावी, जलाशयाच्या काठी, एक 'पिअर' बांधणे, जोडरस्त्यासह. खाली तांत्रिक मान्यतेचे आकडे आणि सही.

"पिअर म्हंजी?" सरपंचांनी विचारलं.

"पुलाचा खांब," फरहीन म्हणाली.

तिला क्षणभरही विचार करावा लागला नाही. शिकताना वहीत उतरवून घेतलेले शब्द तिला कधीकधी आठवावे लागायचे. हा मात्र घरातला शब्द होता. तिचे वडील नियाज शेख यांनी चाळीस वर्षं पुलांवर सळईकाम केलं होतं. गोदावरीवर, प्रवरेवर, सीनेवर, भीमेवर. शाळा तिसरीपर्यंतच झालेली, पण पिअर, गर्डर, स्लॅब हे शब्द त्यांच्या तोंडात भाकरी-कालवणासारखे असायचे. आयुष्याचा हिशोबही ते त्यावरच सांगायचे. "तुझा जन्म झाला तेव्हा चौथ्या पिअरचं काँक्रीट चालू होतं, मला दोन दिवसांनी कळलं," हे वाक्य फरहीननं लहानपणापासून शंभर वेळा ऐकलं होतं. पिअर म्हणजे काय, हे तिला कुठल्या पुस्तकानं सांगावं लागलं नव्हतं.

सरपंच खुर्चीत पुढे सरकले. "खांब? म्हंजी पूल?"

"तसंच दिसतंय."

"पन एकच खांब?"

इथं फरहीननं थांबायला हवं होतं. कागदात पुलाचा उल्लेख नव्हता. ती नंतर कितीतरी दिवस या जागी परत परत येत राहिली. पण समोर राधाकृष्णांचा चेहरा असा उजळला होता की तिनं स्वतःच्या पदरचं वाक्य जोडलं.

"पहिला टप्पा असेल."

वाकसरीला पूल म्हणजे काय, हे बाहेरच्याला समजायला थोडा वेळ लागतो. उजनीचं पाणी अडलं तेव्हा पलीकडच्या टाकरवाडीला जाणारी गाडीवाट बुडाली. दोन्ही गावांच्या सोयरिकी जुन्या. अर्ध्या वाकसरीच्या लेकी टाकरवाडीत आणि तिकडच्या इकडे. मधे तीन किलोमीटर पाणी. रस्त्यानं वळसा घालून जायचं तर साठ किलोमीटर आणि दोनदा एसटी बदलायची. नाहीतर गोरक्षची होडी. होडी वारा सुटला की बंद, पावसाळ्यात बंद. पुलाची मागणी प्रत्येक निवडणुकीत व्हायची आणि निवडणुकीबरोबरच विरून जायची. तेव्हा 'पुलाचा पहिला खांब मंजूर' असा मेसेज सरपंचांनी गावाच्या ग्रुपवर टाकल्यावर संध्याकाळी वेशीजवळ फटाके वाजले, यात नवल नव्हतं.

'पिअर' हा शब्द गावाच्या तोंडात दोन दिवसांत 'पीर' झाला. "पीर मंजूर झाला," "पीर कुठं बसवनार?" असं पारावर चालायचं. बाजाराला आलेल्या करमाळ्याच्या एका माणसानं तर "कुठले पीरबाबा हो? उरूस कधी असतो?" असं भक्तिभावानं विचारलं आणि सगळा पार हसला. फरहीनही हसली.

पुढच्या आठवड्यात ग्रामसभा झाली. जोडरस्त्यासाठी काठालगतची जमीन लागणार होती. ती दोघातिघांचीच होती. बाकीचे चुळबुळ करत असताना राहीबाई उभी राहिली. अडुसष्ट वर्षांची, विधवा, एकटी राहणारी बाई. काठाला तिची लिंबोणीची बाग होती, नवऱ्यानं लावलेली.

"माजी घ्या," ती म्हणाली. "फुकाट घ्या. मला पलीकडं जायचंय."

तिची एकुलती एक लेक मनकर्णा टाकरवाडीत दिलेली होती. सहा वर्षांपूर्वी मनकर्णानं नवं घर बांधलं, ते राहीबाईनं अजून पाहिलं नव्हतं. तिचे दोन्ही गुडघे गेले होते. होडीत बसायचं तर काठाच्या चिखलातून गुडघाभर पाण्यात जायचं आणि मग होडीच्या काठावरून पाय टाकून आत चढायचं. शेवटच्या वेळी ती चिखलात अशी रुतली की दोघा गड्यांनी तिला धरून, पोतं टाकावं तशी होडीत टाकली होती. लुगडं कमरेपर्यंत भिजलेलं, बघणारे हसत होते. त्या दिवसापासून तिनं होडीचं नाव घेतलं नाही. एसटीच्या वळशाचा प्रवास तर तिला झेपणारा नव्हताच. मनकर्णा वर्षातून दोनदा येऊन भेटून जायची.

सभेनं टाळ्या वाजवल्या. आणि मोजणी व्हायच्या आधीच राहीबाईनं माणूस लावून बागेच्या कडेची अकरा झाडं तोडली. सरपंचांनी थांबवायचा प्रयत्न केला.

"अगं मावशे, मोजनी तर हुंदे."

"उद्या कुनी म्हनायला नको, म्हातारीच्या झाडांपायी पूल आडला."

झाडं फळ धरलेली होती. तोडलेल्या फांद्यांवर हिरवी लिंबं तशीच होती. शाळेतून जाताना फरहीननं तो ढीग पाहिला आणि तिला बरं वाटलं. आपल्या एका शब्दानं एवढं काहीतरी सुरू झालं, असं वाटलं.

फेब्रुवारीत जिल्ह्याहून अभियंता आली. निकिता नावाची सत्तावीस-अठ्ठावीसची मुलगी, डोक्याला टोपी, पायात बूट, बरोबर मोजणीची दोन माणसं. सरपंचांनी नारळ, हार तयार ठेवले होते. फरहीनलाही शाळेतून बोलावून घेतलं होतं, कारण कागद तिनंच वाचला होता. निकितानं तिवईवर यंत्र लावलं, काठाची उंची मोजली, पाणी कुठपर्यंत येतं आणि उन्हाळ्यात कुठं जातं ते विचारलं. मग सरपंचांनी विचारलं, "म्याडम, बाकीचे खांब कुठनं कुठवर जातील?"

"बाकीचे कुठले?"

"पुलाचे."

निकितानं यंत्रावरून डोळा काढला. "पूल? पूल नाहीये हा. लँडिंग पिअर आहे. होड्या लागायला. मराठीत धक्का म्हणतात ना, तो धक्का बांधायचाय."

 मग मागून कुणीतरी म्हणालं, "धक्का तर बसला की आत्ताच." एक-दोघं हसले, आणि ते हसू लगेच विरलं.

सरपंच फरहीनकडे वळले. ते रागावले नव्हते, हेच तिला जास्त लागलं. "म्याडम, तुमी तर पूल म्हनला होता."

"मी खांब म्हणाले," असं उत्तर तिच्या ओठांवर आलं होतं. ते खरंही होतं. पण ती तेवढंच म्हणाली नव्हती.

"माझं चुकलं," ती म्हणाली. "मी न बघता सांगितलं."

नारळ फोडायचा की नाही यावर थोडी कुजबुज झाली आणि तो तसाच पिशवीत गेला. राहीबाई त्या वेळी तिथं नव्हती. ती घरी होती. तिला कोण सांगणार, हा प्रश्न होताच, आणि सगळे फरहीनकडे बघत होते असं तिला वाटलं.

संध्याकाळी घरी येताना तिनं शाळेच्या कपाटातला जाड इंग्रजी शब्दकोश स्कूटीच्या पुढच्या जागेत ठेवून आणला. नियाज ओट्यावर बसून चहा घेत होते. चौऱ्याहत्तर वर्षांचे, अंगानं वाळलेले, पण हाताची बोटं अजून सळईसारखी कडक.

"अब्बा, पिअर म्हणजे काय?"

"आता हे काय विचारणं? पुलाचा खांब."

"दुसरं काही?"

"दुसरं काय असणार? चाळीस वर्षं बांधले मी."

तिनं घडलेलं सगळं सांगितलं. ऐकताना नियाजांचा चहा तसाच राहिला. ते म्हणाले, "ती पोरगी नवी आहे. तिला माहीत नसेल." फरहीननं कोश उघडला. तो तिच्या मांडीवर मावत नव्हता. शब्दाखाली पहिला अर्थ होता पुलाच्या दोन कमानींमधला आधार. दुसरा होता किनाऱ्यापासून पाण्यात शिरणारं बांधकाम, ज्याला होड्या लागतात. आणखी खाली, दोन खिडक्यांमधला भिंतीचा भाग.

"एकाच शब्दाचे तीन?" नियाजांनी मान हलवली. "हे कुणी ठरवलं?"

मग तिनं खालची बारीक अक्षरं वाचली, जिथं शब्द कुठून आला ते दिलेलं असतं. वाचता वाचता मराठीत सांगत गेली. शब्द आठेकशे वर्षांपूर्वीचा. तिकडच्या धर्मगुरूंच्या लॅटिनमधून इंग्रजीत आला, तेव्हा अर्थ एकच होता, पुलाचा खांब. पुढे तीनेकशे वर्षांनी बंदरांतल्या बांधकामाला तोच शब्द लावायला लागले. मूळ कुठलं ते नक्की नाही. काहींच्या मते त्याच्या मागे दगडाचा शब्द आहे. तिकडे पूर्वी लाटा अडवायला समुद्रात दगडांचा बांध घालायचे, त्यालाही तसलंच काहीतरी नाव होतं.

"दगड," नियाज म्हणाले. त्यांनी कोशातल्या त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "म्हणजे आधी आमचाच होता. खांबाचा. नंतर होडीवाल्यांनी नेला."

"हो."

"मग मी चुकीचं नाही शिकवलं तुला."

"तुम्ही नाही चुकलात, अब्बा. तुम्हाला कुणी कागद वाचायला दिला नव्हता. मला दिला होता."

नियाजांनी गार झालेला चहा संपवला. "त्या बाईला तू सांगणार?"

"मीच सांगायला पाहिजे."

"मग उद्याच सांग. परवावर ढकलशील तर दुसराच कुणीतरी सांगेल."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या आधी ती राहीबाईकडे गेली. राहीबाई अंगणात लिंबं निवडत बसली होती, मोठी एका टोपलीत, डागाळलेली दुसऱ्या. तोडलेल्या झाडांची लिंबं होती ती, अजून संपली नव्हती. फरहीन खाली पोत्यावर बसली.

"मावशी, पूल होणार नाहीये."

राहीबाईचा हात थांबला नाही. "कळलं मला काल सांजच्यालाच. गोरक्ष आल्ता."

"माझ्यामुळं झालं. कागदात होडीचा धक्का लिहिला होता. मी पूल वाचला."

"कागद पुन्यांदा वाचता आला आसता की न्हाई?"

"आला असता."

"कुनाला इचारता आलं आसतं?"

"आलं असतं."

राहीबाईनं आता तिच्याकडं पाहिलं. "आकरा झाडं, बाई. मालकानं विहिरीचं पानी खांद्यावर आनून जगवल्याली. तवा मोटर नव्हती." तिचा आवाज चढला नाही. "तुमाला म्हनून काय उपेग? तोडा म्हनून तुमी न्हवतं सांगितलं. पन ऐकून घ्या. घ्यायला पायजे तुमी."

फरहीननं ऐकून घेतलं. कोणतं झाड कधी लावलं, कोणत्या झाडाला उन्हाळ्यातही फळ असायचं, कोणत्या झाडाखाली मनकर्णा लहानपणी खेळायची, हे राहीबाईनं अकराही झाडांचं सांगितलं. शाळेची घंटा झालेली ऐकू आली. फरहीन उठली नाही. शेवटचं झाड संपल्यावर राहीबाईनं लिंबाची टोपली बाजूला सारली.

"आता सांगा. त्यो धक्का म्हंजी नेमकं काय?"

फरहीननं काडीनं मातीत आकृती काढली. हा काठ. इथून पाण्यात जाणारी सिमेंटची वाट. होडी तिला येऊन टेकते, माणूस उभ्या उभ्या आत पाय टाकतो.

"चिखलात जावं लागत न्हाई?"

"नाही."

"वर चढावं लागत न्हाई?"

"नाही. सपाट असतं. हाताला धरायला पाइपही असतो."

राहीबाई आकृतीकडे बघत राहिली. मग तिनं काडी स्वतःच्या हातात घेतली आणि फरहीननं काढलेल्या पाण्याच्या पलीकडच्या बाजूला टोचली.

"आन हितं?"

फरहीनला कळलं नाही.

"हितं मी बशीन उभ्या उभ्या. पलीकडं उतरताना काय? टाकरवाडीचा चिखुल काय गोड हाय?"

 पलीकडचा काठ वेगळ्या जिल्ह्यात होता. मंजुरी या काठाची होती.

पुढच्या ग्रामसभेला निकिताला बोलावलं होतं, कारण गावाला आता धक्का तरी हवा की नको, हेच ठरत नव्हतं. पूल नाही तर काहीच नको, असं म्हणणारे बरेच होते. धक्का घेतला तर पुलाची मागणी कायमची बुडेल, अशी भीती होती. फरहीनबरोबर तिचे वडीलही आले होते. तिनं नको म्हटलं होतं, पण ते स्कूटीवर मागे बसून निघालेच.

मग राहीबाई बोलायला उठली. तिचीच झाडं गेली होती.

"माजी जमीन देते म्हनले ती देते. शबूद दिला त्यो दिला. पन पलीकडंबी धक्का पायजे. एका बाजूचा धक्का म्हंजी काय? बसायचं सुखानं आन उतरायचं रडत. तसला नको मला."

निकितानं नाइलाज सांगितला. दुसरा जिल्हा, दुसरं कार्यालय. वर्ष जाईल, दोन जातील, सांगता येत नाही.

तेव्हा मागच्या बाकावरून नियाज उठले. "बेटा, मी एक विचारू? मी पुलावरचा माणूस. धक्का कधी बांधला नाही. पण हे धरण आहे, समुद्र नाही. इथं पाणी मे महिन्यात दोनशे-तीनशे फूट मागं जातं. तुमचा पिअर तेव्हा कोरड्यात उभा राहणार. मग होडी कुठं लागणार?"

निकिताच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच हसू आलं. "बरोबर प्रश्न आहे, चाचा. म्हणूनच नुसतं सिमेंट नाही. उतारावर काँक्रीटची वाट करायची आणि तिच्या टोकाला तरंगता भाग. प्लॅस्टिकचे पोकळ ठोकळे असतात, एकमेकांत अडकवायचे. पाणी उतरलं की तो भाग खाली सरकवायचा."

"तो तरंगता भाग किती मोठा?"

"इथं चाळीस ठोकळ्यांचा धरलाय."

"वीसमध्ये भागेल?"

निकितानं वहीत काहीतरी मांडलं.  नियाज पुढे म्हणाले, "होडी एकच आहे. बारा माणसांची. तिला चाळीस कशाला? अर्धे इकडं, अर्धे तिकडं. तिकडं सिमेंट नंतर होईल तेव्हा होईल. तरंगणाऱ्याला जमीन लागत नाही, काठाला साखळीनं बांधला की झालं."

"तिकडच्या ग्रामपंचायतीची आणि धरणाच्या कार्यालयाची परवानगी लागेल," निकिता म्हणाली. "आणि माझ्या साहेबांची. अर्ज कोण करणार?"

"मी लिहिते," फरहीन म्हणाली.

सरपंचांनी तिच्याकडे पाहिलं. त्यांच्या मनात काय आलं ते सगळ्यांना कळलं, म्हणून तिनं ते स्वतःच म्हणून टाकलं. "मराठीतच लिहिते. आणि पाठवायच्या आधी इथं वाचून दाखवते."

तिनं तो अर्ज तीनदा लिहिला. पहिल्यांदा लांबला. दुसऱ्यांदा निकितानं फोनवर सांगितलेल्या दुरुस्त्या आल्या. तिसरा तिनं पंचायतीसमोर वाचला. जिथं इंग्रजी शब्द होता तिथं तिनं सरळ लिहिलं होतं, 'होडीत चढण्या-उतरण्यासाठीचा धक्का (पूल नव्हे)'. त्यावर राधाकृष्ण म्हणाले, "आता कसं बेस हाय," आणि पुढच्या सगळ्या कागदांवर कंसातले ते दोन शब्द तसेच जात राहिले.

टाकरवाडीची सही आणायला ती गोरक्षच्या होडीतून गेली. अकरा वर्षं या गावात शिकवून ती पाण्यापलीकडे कधी गेली नव्हती. सलवार वर धरून चिखलात पाय टाकला तेव्हा तो पोटरीपर्यंत गेला आणि एक चप्पल आतच राहिली. गोरक्षनं हात देऊन तिला ओढून घेतलं.

"लोक रोज असे चढतात?" तिनं विचारलं.

"रोजच. म्हातारी मानसं येतच न्हाईत आता. गरवार बायांना मी नको म्हनतो." त्यानं इंजिनाची दोरी ओढली. "मला वाटलं हुतं पूल झाला तर माजं काम जाईल. गप बसलो हुतो मी. खरं सांगतो, धक्का म्हनल्यावर मला बरं वाटलं. लाज वाटली, पन बरंबी वाटलं."

पलीकडे मनकर्णाच काठावर उभी होती. तिनं फरहीनला पाय धुवायला पाणी दिलं, स्वतःची चप्पल दिली आणि सरपंचाच्या घरापर्यंत बरोबर आली. नवं घर तिनं वाटेत दाखवलं. पुढच्या खोलीत एक पलंग भिंतीला लावलेला होता, त्यावर कोरी चादर. "आईचा हाय," मनकर्णा म्हणाली. "सा वर्सं झाली, कुनी झोपलं न्हाई त्याच्यावर." टाकरवाडीच्या सरपंचांनी दोन प्रश्न विचारून सही केली.

परवानग्यांना पावसाळा गेला, दिवाळी गेली. मधे फाईल एकदा कुठंतरी अडकली. निकितानं ती शोधून काढली. डिसेंबरात वाकसरीच्या काठाला काँक्रीटची वाट पडली. नियाज वरचेवर येऊन बघून जायचे. ठेकेदाराची माणसं काँक्रीटवर वेळेवर पाणी मारत नाहीत म्हणून त्यांनी भांडण काढलं, आणि चौथ्या दिवसापासून मुकादम त्यांना बघताच पाइप हातात घ्यायचा. जानेवारीच्या शेवटी निळे-करडे ठोकळे ट्रकमधून आले. वीस इकडे लागले, वीस होडीतून पलीकडे गेले.

पुलाची मागणी तशीच राहिली. गावानं ठराव करून ती वेगळी पाठवली. तिचं अजून उत्तर नाही.

फरहीनकडे कागद येणं काही दिवस बंद झालं होतं. मग एका दुपारी ग्रामसेवक औषधाच्या फवारणीचं इंग्रजी पत्रक घेऊन आला. ती म्हणाली, "ठेवून जा, उद्या सांगते." त्याला वाटलं ती रुसली आहे. पण ती खरोखरच दुसऱ्या दिवशी सांगायची, आणि जे कळलं नाही तिथं कळलं नाही असं सांगायची. हळूहळू लोकांना त्याची सवय झाली.

राहीबाई फेब्रुवारीत पलीकडे गेली. रविवार होता, म्हणून फरहीन बरोबर होती. सकाळी आठचा सुमार, वारा पडलेला. राहीबाईनं नवं लुगडं नेसलं होतं, हातात लिंबाच्या लोणच्याची बरणी होती. काँक्रीटच्या उतारावरून ती पाइपला धरून एक एक पाऊल टाकत खाली आली. तरंगत्या भागावर पाय ठेवताच तो जरासा हलला आणि ती थबकली.

"हालतंय की हे."

"तेवढं हलणारच, मावशी. बुडत नाही."

"बुडत न्हाई ते तुमी वाचून सांगताय का बगून?"

"बघून," फरहीन म्हणाली. "मी काल चार वेळा चालून बघितलं."

राहीबाईनं बरणी गोरक्षकडे दिली, पाइप सोडला आणि होडीत पाय टाकला. पहिला, मग दुसरा. मधल्या फळीवर बसल्यावर तिनं पदर डोक्यावर ओढून घेतला. होडी सुटली. अर्ध्या पाण्यात गेल्यावर तिनं एकदाच मागं वळून आपल्या बागेकडे पाहिलं. बागेच्या कडेला, जिथं झाडं होती तिथून, नवा मुरमाचा रस्ता खाली उतरत होता. 

टाकरवाडीच्या काठाला मनकर्णा आणि तिच्या दोन्ही मुली तरंगत्या धक्क्यावर येऊन उभ्या होत्या. गोरक्षनं होडी लावली. मनकर्णानं हात पुढे केला, पण राहीबाईनं तो धरला नाही. तिथल्या पाइपला धरून ती स्वतःच उतरली. मग लेकीच्या गळ्यात पडून ती इतकी रडली की धाकट्या नातीला काय झालं ते कळेना आणि तीही रडायला लागली.

फरहीन तासाभरानं परतली. राहीबाईनं संध्याकाळी परत यायचं ठरलं होतं. पाचला गोरक्षची होडी पलीकडे जाऊन थांबली. अर्ध्या तासानं थोरली नात धावत आली आणि निरोप देऊन गेली. आजी म्हनली, आज येत न्हाई, म्हशीचं शेजारच्या झुंबरबाईनं बगावं. दुसऱ्या दिवशी तोच निरोप आला, तिसऱ्या दिवशीही.

राहीबाई नवव्या दिवशी परत आली.